घरात मांजर, टेबलावर सिंथ: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांच्या घरचे फोटो पाहिलेत तर एक दृश्य हमखास सापडतं. लाखभराचा सिंथेसायझर (म्हणजे सिंथ, विजेवर आवाज घडवणारं वाद्य), त्यावर ऐसपैस पसरलेलं मांजर, आणि ते उठायच्या आत मालकानं घाईघाईत टिपलेला फोटो. बर्लिन असो, डेट्रॉइट असो की कोथरूड, बदलतो तो फक्त मांजराचा रंग. फोटो गोडच असतो. पण त्या क्षणी फेडरांच्या (सरकत्या बटणांच्या) रांगेवर चार-साडेचार किलो वजन टेकलेलं असतं आणि वाजवायच्या पट्ट्यांच्या फटींतून केस आत उतरत असतात, ते फोटोत येत नाही.

घरात मांजर आहे आणि आता पहिला सिंथ येऊ घातलाय, किंवा सिंथ आहे आणि कोणीतरी पिल्लू आणून दिलंय, अशांसाठी हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं: मांजराला हुसकावत बसू नका, त्यात आजवर कोणी जिंकलेलं नाही. त्याच खोलीत त्याला सिंथपेक्षा बरी जागा करून द्या, आणि बाकीची मांडणी ते येणारच असं गृहीत धरून करा.

पायरी १: सिंथच्या आधी मांजराची जागा

मांजर सिंथवर बसतं ते संगीतप्रेमानं नव्हे. आपल्याला पंचवीस अंशांत छान वाटतं, पण मांजराचं शरीर ३० ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान सगळ्यात आरामात असतं. म्हणून पॅनेलखाली ट्रान्सफॉर्मर ज्या कोपऱ्यात असेल तो कोपरा ते बरोबर शोधून काढतं. त्यात भर तुमची. तासन्‌तास तुम्ही ज्या वस्तूकडे बघता त्या वस्तूवर जाऊन बसलं की तुम्ही आपल्याकडे बघता, हे कळायला त्याला फार वेळ लागत नाही.

तेव्हा पहिला खर्च फळीचा. खुर्चीत बसून हात पोचेल इतकी जवळ आणि सिंथपेक्षा वीतभर तरी उंच. ब्रॅकेट भिंतीत पक्के ठोका. एकदा डगमगलेल्या फळीवर मांजर पुन्हा सहसा चढत नाही. वर जुनी गोधडी घाला, किंवा नुसता पुठ्ठ्याचा खोका ठेवा. सिंथ ज्या खोक्यात आला तो खोका पुढेमागे विकताना लागेल म्हणून तुम्ही जपून ठेवाल आणि मांजराला नेमका तोच हवा असेल. द्या. थंडीत खोक्यात कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवली की सिंथचं आकर्षण निम्मं होतं.

मांजर सिंथवर चढलं की काही न बोलता उचलायचं, फळीवर ठेवायचं आणि खाऊचा दाणा तिथेच द्यायचा. सिंथवर असताना द्यायचा नाही, नाहीतर ते तुम्हालाच शिकवतंय असं होईल. काही जण पाण्याचा फवारा मारायला सांगतात. विजेच्या उपकरणांनी भरलेल्या खोलीत पाणी फवारायचा सल्ला कोणाला सुचतो, देव जाणे.

मांजराच्या शी-शूचा मातीचा डबा मात्र या खोलीत नको. बेंटोनाइटच्या वाळूची धूळ पिठासारखी बारीक असते आणि फेडरच्या फटी जणू तिच्यासाठीच केलेल्या असतात.

पायरी २: स्टँड

कैचीसारखा उघडणारा एक्स-स्टँड स्वस्त मिळतो, पण बाजूनं धक्का बसला की हलतो. मांजर उडी मारतं तेव्हा धक्का बाजूनंच बसतो. जड टेबल किंवा चार पायांचा स्टँड घ्या. तळाला रबरी जाळी अंथरा म्हणजे छोटी यंत्रं सरकणार नाहीत. कडेला ठेवलेली वस्तू पंजानं ढकलून खाली पाडणं हा मांजरांचा छंद आहे, आणि दीडशे-दोनशे ग्रॅमचा पॉकेट सिंथ त्यासाठी अगदी योग्य वजनाचा असतो.

पायरी ३: वायरी

इथे घाई करू नका, कारण बाकी सगळ्या चुका पैशानं भरून निघतात, ही नाही.

लोंबणारी वायर म्हणजे मांजराच्या डोळ्यांना हलणारं शेपूट. तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लांचे दात बदलत असतात, त्यामुळे ती चावतातही. आता वायरींचे दोन गट मनात पक्के करा. ॲडॉप्टरपासून सिंथकडे जाणारी ९ किंवा १२ व्होल्टची वायर चावली तर वायर जाईल, फार तर ॲडॉप्टर जाईल. भिंतीपासून ॲडॉप्टरपर्यंतची २३० व्होल्टची वायर चावली तर मांजर जाऊ शकतं. म्हणून भिंतीकडची वायर आधी झाका. इलेक्ट्रिकच्या दुकानात केसिंग पट्टी मिळते, तशीच लवचीक नळीही मिळते. एक्स्टेन्शन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला उलटा स्क्रूनं बसवा. वायरमन आलाच आहे तर त्या खोलीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, अर्थिंग खरंच लागतंय का, हेही बघून घ्या. अर्थिंग सुधारलं की स्पीकरमधली घरघर बऱ्याचदा आपोआप जाते, तो फायदा वेगळा.

मांजरानं मेनची वायर चावलीच, तर आधी स्विच बंद करा आणि मगच त्याला हात लावा. ते उठून चालायला लागलं तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. विजेच्या झटक्यानंतर काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं, आणि ते वरून दिसत नाही.

मॉड्युलरवाल्यांची, म्हणजे सुटे भाग केबलींनी जोडून सिंथ जुळवणाऱ्यांची, गोष्ट थोडी निराळी. जर्मन सिंथनिर्माते डीटर डोफर यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात रूढ केलेल्या युरोरॅक या मांडणीत ३.५ मिलिमीटरच्या जॅकच्या केबली पॅनेलवरून वेलींसारख्या लोंबत असतात. चालू असताना एखादी खेचली गेली तर यंत्राचं सहसा काही बिघडत नाही, पण दोन तास खपून जमवलेला पॅच (केबलींची जुळणी) जातो. उपाय साधा आहे: गरजेपेक्षा लांब केबल वापरू नका. पंधरा सेंटिमीटरमध्ये काम होत असेल तर साठची लावू नका. रिकाम्या जागांवर कोऱ्या पट्ट्या बसवा. उघड्या फटीतून आत गेलेला पंजा थेट पॉवरच्या रिबन केबलपर्यंत पोचतो.

आता न करायच्या गोष्टी. मांजरांना लिंबू-संत्र्याचा वास आवडत नाही म्हणून वायरींना ते तेल चोळा, असं कोणी सुचवेल. चोळू नका. सिट्रसची आणि टी-ट्रीची तेलं मांजरांना विषारी असतात, अंगाला लागलेलं ते चाटून पोटात घेतात. कडू चवीचा तयार स्प्रे प्राण्यांच्या दुकानात मिळतो, तो चालेल. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याच्या धास्तीनं वाद्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकायची सवय असते. घरात मांजर असेल तर ती सोडा, नॅप्थलीन त्याला घातक आहे. दमटपणासाठी सिलिका जेल वापरा, पण निळ्या दाण्यांचं नको, आणि पुड्या बंद डब्यात. फरशी पुसायला फिनाईल किंवा पाइन तेलाचं द्रावणही टाळा, पाय चाटताना तेही पोटात जातं. केबल टायची कापलेली टोकं, रबरबँड, मेमरीची बटण बॅटरी या वस्तू काम संपताच डबीत गेल्या पाहिजेत.

पायरी ४: कोणता सिंथ घ्यावा

आवाज आवडला तो घ्या. पण दोन सारख्याच आवडलेल्यांत निवड करायची असेल तर मांजराचाही विचार करायला हरकत नाही.

१९८४ चा रोलँड ज्युनो-१०६ सुंदर यंत्र आहे, पण त्याचं सगळं पॅनेल सरकत्या फेडरांचं. प्रत्येक फेडरखाली एक उघडी चीर, आणि प्रत्येक चिरेत केस. कॉर्गच्या व्होल्कासारख्या छोट्या यंत्रांत नॉब बारीक असतात. अशा यंत्रांत बहुतेकदा नॉबच्या दांड्याला पॅनेलवर नटचा आधार नसतो, सगळा भार आतल्या सोल्डरवर येतो. त्यावर मांजर झोपलं की सोल्डर तडकते आणि नॉब फिरवताना आवाज तुटायला लागतो.

अर्टुरियाच्या मायक्रोफ्रीक या सिंथची वाजवायची पट्टी सपाट आहे, हलणारा भागच नाही, त्यामुळे पट्ट्यांत केस अडकायचा प्रश्न मिटतो. पण ती स्पर्शानं चालते आणि मांजराच्या पंजाची गादी तिला आपल्या बोटाइतकीच ओळखू येते. १९७८ च्या ब्रिटिश ‘वास्प’ सिंथची पट्टीही अशीच सपाट होती. थेरेमिनचं तर विचारूच नका. ते शरीराच्या जवळिकीनंच वाजतं, तेव्हा मांजर अँटेनाभोवती फिरलं की सूरही फिरतो. थेरेमिनचा रियाज मांजराला बाहेर ठेवून, दार लावूनच करा.

सेकंडहँड सिंथ घरात आणल्यावर आधी पुसून घ्या. आधीच्या घरात मांजर असेल तर त्याचा वास त्यावर असतो, आणि तो वास तुमच्या बोक्याला आव्हान वाटतो. बोक्याची नसबंदी झालेली नसेल तर आव्हानाला उत्तर कसं मिळतं ते वेगळं सांगायला नको. नसबंदी वेळेत करून घ्या. घरातल्या सिंथसाठी यापेक्षा स्वस्त विमा नाही.

पायरी ५: झाकण

कापडाचं झाकण धुळीपासून वाचवतं, पण मांजराच्या दृष्टीनं ती गादी आहे. त्यामुळे कापडी झाकण घातलेला सिंथ उघड्या सिंथपेक्षा जास्त दबला जातो, आणि खाली कोणता फेडर वाकतोय ते दिसतही नाही. कडक झाकण हवं. यंत्राच्या मापाची पॉलिकार्बोनेटची झाकणं विकत मिळतात, महाग वाटली तर सुतार किंवा ॲक्रिलिकवाला करून देईल. फक्त झाकणाचा भार कडांवर पडला पाहिजे, नॉबांवर नाही. करून झालं की मध्यभागी तळहातानं दाबून बघा. खाली वाकून नॉबला टेकत असेल तर मधे एक आडवी पट्टी बसवून घ्या.

सिंथ चालू ठेवून, वर झाकण घालून जेवायला जाऊ नका. उष्णता आत कोंडते आणि जुन्या ॲनालॉग सिंथचे ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) तापमानाबरोबर सूर सोडतात. मांजर पाठीमागच्या जाळीवर रेलून बसलं तरी हेच होतं.

पायरी ६: केस

पट्टीखाली काय असतं ते एकदा डोळ्यांनी बघा, म्हणजे केसांचा एवढा बाऊ का करतात ते कळेल. बऱ्याच कीबोर्डांत प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी घुमटी असते. घुमटीच्या आत कार्बनचे काळे ठिपके, आणि त्यांच्या खाली सर्किट बोर्डावर तसेच काळे पट्टे. पट्टी दाबली की एक ठिपका आधी टेकतो, दुसरा किंचित नंतर. या दोहोंमधला वेळ मोजून यंत्र ठरवतं की तुम्ही जोरात वाजवलंत की हळू. आता मधे एक केस आडवा आला. ठिपका टेकत नाही, किंवा उशिरा टेकतो. मग हळू वाजवलेला सूर कधी एकदम अंगावर येतो, कधी वाजतच नाही. लोक म्हणतात सिंथ बिघडला. बिघडलेला नसतो, आत गोट्याच्या पाठीवरचा एक केस असतो. (गोट्या म्हणजे आमचा बोका.)

साफसफाईचा क्रम असा. आठवड्यातून एकदा रंगकामाचा मऊ ब्रश पट्ट्यांवरून आणि फेडरांवरून फिरवा, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी धरून उडालेलं ओढून घ्या. हवेच्या डब्याचा फवारा मारू नका, केस बाहेर येण्याऐवजी आणखी आत जातात. सूर अडकायला लागले आणि वॉरंटी संपलेली असेल, तर प्लग काढून, यंत्र उघडून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्डावरचे पट्टे पुसा. धागे न सुटणारं फडकं घ्या. रबराच्या ठिपक्यांवर जोर लावू नका, कार्बन खरवडला गेला तर परत येत नाही. खरखरणाऱ्या फेडरांना फेडरसाठीचाच क्लीनर वापरा. घरात बिजागरीला मारतो तो स्प्रे नको, तो आतलं वंगण धुऊन टाकतो आणि मग धूळ जास्त धरतो. ही सामग्री मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळते.

पुण्या-नाशिकच्या कोरड्या थंडीत आणखी एक पथ्य. मांजर मनसोक्त कुरवाळून तोच हात थेट जॅककडे नेऊ नका, बोटातून ठिणगी उडते. आधी अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूला हात लावा.

पायरी ७: ओलं झालं तर

चहा सांडतो, मांजर केसांचा गोळा ओकतं, कधी त्याहून वाईट होतं. क्रम ठरलेला: भिंतीवरचा स्विच बंद, प्लग बाहेर, बॅटऱ्या बाहेर, सिंथ उलटा करून टॉवेलवर. “चालतोय का बघू” म्हणून चालू करायचा नाही. बहुतेक यंत्रं मरतात ती याच उत्सुकतेनं. मुताचं किंवा गोड चहाचं असेल तर नुसतं वाळवून भागत नाही, राहिलेले क्षार बोर्डावरचं तांबं खात राहतात. बोर्ड डिस्टिल्ड पाण्यानं, मग अल्कोहोलनं धुवावा लागतो. स्वतः उघडायची सवय नसेल तर त्याच दिवशी कारागिराकडे न्या, आणि काय सांडलं ते खरं सांगा.

पायरी ८: आवाज

आपले कान २० किलोहर्ट्झला संपतात. मांजराचे साधारण ८५ किलोहर्ट्झपर्यंत जातात. त्यामुळे स्वस्त ॲडॉप्टरची जी शिट्टी तुम्हाला ऐकूच येत नाही ती त्याला छळत असू शकते. एखाद्या कोपऱ्यात मांजर कधीच थांबत नसेल तर तिथला ॲडॉप्टर बदलून बघा. फिल्टरचा रेझोनन्स (एका ठिकाणचा सूर टोकदार करणारा नॉब) पूर्ण चढवून वर नेताना व्हॉल्यूम आधी खाली घ्या, तुमच्या कानांसाठीही. आणि मांजर खोलीत असताना दार कधी पूर्ण बंद करू नका. कान मागे पडले, शेपूट आपटायला लागलं, की त्याला बाहेर जाता आलं पाहिजे.

मांजराला संगीत आवडतं का, यावर खरंच काम झालंय. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे चार्ल्स स्नोडन आणि संगीतकार डेव्हिड टी यांनी २०१५ मध्ये मांजरांना त्यांच्या गुरगुरण्याच्या लयीवर आणि त्यांच्याच आवाजाच्या पट्टीत बेतलेलं संगीत ऐकवलं. माणसांच्या संगीतापेक्षा त्या संगीताकडे मांजरं जास्त वळली. तुमच्या टेक्नोकडे पाठ फिरवली तर मनाला लावून घेऊ नका.

भिंतीवर फोम लावणार असाल तर आधी नखं घासायला सुंभ गुंडाळलेला खांब उभा करा. नाहीतर फोमचाच खांब होतो.

पायरी ९: मेमरी आणि लॅपटॉप

पंजा चुकून ‘स्टोअर’वर पडला की तुमचा आवडता आवाज गेला. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ मध्ये मेमरी प्रोटेक्टची सोय होती, ज्युनो-१०६ च्या पाठीला त्यासाठी वेगळा स्विच आहे. तुमच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये ‘मेमरी प्रोटेक्ट’ किंवा ‘पॅनेल लॉक’ शोधा आणि लावून ठेवा. महिन्यातून एकदा सगळे आवाज मिडीवरून (वाद्य आणि संगणक यांना जोडणाऱ्या पद्धतीनं) संगणकात उतरवून घ्या.

लॅपटॉपवरून उठताना स्क्रीन लॉक करायची सवय लावा. कीबोर्डवर मांजर चालतंय हे ओळखून तो बंद करणारं ‘पॉसेन्स’ नावाचं सॉफ्टवेअर ॲरिझोनाच्या ख्रिस निस्वँडर यांनी बनवलं होतं, त्याला २००० साली इग नोबेल मिळालं. लोक हसले, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

उलट बाजूही आहे. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये दहाव्या आवृत्तीपासून ‘कॅप्चर मिडी’ नावाचं बटण आहे. रेकॉर्ड दाबलेलं नसलं तरी ट्रॅक ऐकण्याच्या स्थितीत असेल तर आधी वाजलेलं परत मिळतं. मांजर पट्ट्यांवरून चालून गेलं की ते बटण दाबून बघा. एकमेकांना चिकटलेले चार-पाच सूर, मधे लांब विराम, मग एक खर्जातला धप्प. त्यातलं चार मात्रांचं तोडून स्केलमध्ये बसवलं तर बेसलाइन निघते, आणि आपल्या बोटांच्या सवयींतली नसल्यामुळे बऱ्याचदा चांगली निघते.

पायरी १०: गुरगुर रेकॉर्ड करणं

नव्या माणसानं सिंथ शिकायला याहून चांगला धडा नाही. मांजराची गुरगुर साधारण २५ ते १५० हर्ट्झमध्ये असते, आणि ती श्वास घेताना आणि सोडतानाही चालू राहते. आधी ती सिंथवर घडवून बघा. नॉइज (नुसती खरखर) घ्या, लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर जाऊ देणारा) दोन-तीनशे हर्ट्झपर्यंत खाली आणा. आवाजाची पातळी एलएफओनं (आवाजाला हेलकावे देणाऱ्या सावकाश ऑसिलेटरनं) २५ हर्ट्झच्या आसपास हलवा. तुमचा एलएफओ इतका वेगात जात नसेल तर एक ऑसिलेटर सगळ्यात खालच्या सप्तकात नेऊन त्याच कामाला लावा. इतक्यानं ट्रॅक्टर तयार होतो. मांजर व्हायला दुसरा, सावकाश एलएफओ हवा. विसावलेलं मांजर मिनिटाला वीस-तीस वेळा श्वास घेतं, म्हणजे एका फेऱ्याला दोन-तीन सेकंद. तो फिल्टरला अगदी किंचित लावा. श्वास आत जातानाचा आवाज आणि बाहेर येतानाचा आवाज वेगळा झाला की मांजर झालं. हे हेडफोनवर ऐका, पाच इंची स्पीकर इतक्या खाली नीट पोचत नाहीत.

खरी गुरगुर पकडायची तर माइक समोर धरून उपयोग नाही, मांजर उठून माइकच हुंगतं. तपकीर गल्लीत २७ मिलिमीटरची, कंपनं टिपणारी पिएझो चकती काही रुपयांत मिळते. तिला शील्डेड वायर सोल्डर करा, फळीवरच्या गादीखाली सपाट ठेवा, आणि ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकात आवाज घेणाऱ्या पेटीच्या) गिटारसाठीच्या इनपुटमध्ये लावा. साध्या लाइन इनपुटवर खर्ज पातळ येतो, कारण पिएझोला जास्त इम्पीडन्सचं (विजेला जास्त अडथळा करणारं) इनपुट लागतं. कॉर्गचा एमएस-२० सिंथ असेल तर त्याच्या बाहेरच्या आवाजाच्या विभागात हाच सिग्नल सोडा. तो विभाग आवाजाचा चढउतार आणि ट्रिगर (नोट सुरू करायचा इशारा) काढून देतो, मग मांजर कूस बदलेल तेव्हा नोट वाजते. म्यॅव हवं असेल तर जुना कॅसिओ एसके-१ पुरतो: १.४ सेकंदांचं सॅम्पल (रेकॉर्ड केलेला तुकडा), आठ बिट, एका म्यॅवला तेवढं पुष्कळ.

पिएझोची वायर गादीखालून बाहेर येते तिथे तिला फळीला टेप लावून घट्ट दाबा आणि फळीच्या मागच्या बाजूनंच खाली उतरवा. पुढून लोंबती ठेवलीत तर रेकॉर्डिंगमध्ये गुरगुर येणार नाही, वायर कुरतडल्याचा आवाज येईल.